नोंदीचे सॉफ्टवेअर आणि चाचणीचा प्लॉट



ऊस नोंदीचे नवे सॉफ्टवेअर सगळ्या गटांत एकदम का सुरू केले नाही, अशी विचारणा बरेच सभासद करतात. मोबाईलवर सगळे होते, मग शेतकी खाते अजून रजिस्टर कशाला भरते? प्रश्न रास्त आहे.

उसाची नवी जात आपण कशी घेतो ते पाहा. को ८६०३२ कोइमतूरला तयार झाली, पाडेगावला तिच्या चाचण्या झाल्या आणि १९९६ साली महाराष्ट्रासाठी ती प्रसारित झाली. नंबरातले ८६ हे साल धरले तर मध्ये दहा वर्षे गेली.

त्याच १९९६ साली, ४ जूनला, युरोपचे एरियान-५ हे नवे रॉकेट फ्रेंच गयानातून पहिल्यांदा उडाले आणि सुमारे ४० सेकंदांत फुटले. चार उपग्रह गेले. दिशा सांगणाऱ्या यंत्राचे सॉफ्टवेअर जुन्या एरियान-४ वरून उचलले होते. तिथे ते बिनतक्रार चालले होते. पण नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त, आणि तो आकडा ज्या जागेत साठवायचा तिथे ३२,७६७ च्या पुढचे मावत नव्हते. यंत्र बंद पडले. जोडीचे राखीव यंत्रही बंद, कारण त्यातही तेच सॉफ्टवेअर! जात चांगली होती, रान बदलले होते. चौकशीच्या वेळी जमिनीवर खऱ्या उड्डाणाचे आकडे घालून पाहिले तर बिघाड जसाच्या तसा झाला. हे आधी केले असते तर तेव्हाच दिसले असते.

आपल्याकडचे उदाहरण सांगतो. पूर्वी मी एका कारखान्यात होतो. तिथल्या प्रोग्रॅमची तपासणी साध्या, सरळ नावांवर झाली. गट नंबरापुढचा ‘अ’, ‘ब’ त्याने गाळला आणि दोन भावांचे पोटहिस्से एक झाले. धाकट्याचा आडसाली ऊस थोरल्याच्या खोडव्याच्या तारखेला लागला. तोड येईपर्यंत उसाला तुरा येऊन पोकळी पडली. वजन गेले ते गेलेच, भावाभावांत बोलणेही बंद झाले. चूक एका अक्षराची.

म्हणून आपण प्रोग्रॅमला मुद्दाम अवघड नोंदी घालतो: एकाच नावाचे दोन सभासद, वारस नोंद बाकी असलेले, दहा आरचा तुकडा, मोडलेला खोडवा. चूक सापडली की ती वहीत लिहितो. दुरुस्ती झाली की तेवढीच न पाहता वहीतल्या मागच्या सगळ्या चुका पुन्हा तपासतो, कारण एक बारे बुजवताना दुसरे फुटते हे पाणी देणाऱ्याला सांगायला नको. (हे काम कंटाळवाणे आहे, आमचे चिटबॉय कुरकुरतात. करू द्या.) सुधारणाही थोड्या थोड्या घेतो. आधी फक्त लागण नोंद, ती एका गटात रजिस्टरशी जुळली की पुढचा गट. तोडणी प्रोग्रॅम त्यानंतर, आणि बिले सर्वांत शेवटी.

पण आमच्या ध्यानात येणार नाही अशी नोंद तुमच्याच रानात असते. नोंदीचा मेसेज आला की गट नंबर, पोटहिस्सा, क्षेत्र, जात व लागण तारीख सातबारा समोर ठेवून वाचावी. फरक दिसल्यास आठ दिवसांत गट ऑफिसला मेसेज दाखवावा. चिटबॉयला तोंडी सांगून थांबू नये, वहीत लिहून घ्यावे.

— ऊस विकास अधिकारी