थंडीची लाट येण्याआधी पिकाला सवय लागू द्या

चिकलठाण्याच्या वेधशाळेत पारा आठ अंशांवर उतरल्याची बातमी येते, तेव्हा कन्नड-फुलंब्रीकडच्या खोलगट शिवारातलं पीक त्याहून जास्त गारठा सोसत असतं. वेधशाळेतला तापमापक जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर, पेटीत असतो. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की पानं रात्रभर उष्णता बाहेर टाकतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतात. थंड हवा जड असल्यामुळे उतारावरून नाल्याकाठच्या शेतात येऊन साचते. लाटेचा इशारा आला की पहिली काळजी याच शेतांची घ्या.

थंडी हळूहळू वाढली तर पीक स्वतःच तयार होतं. पेशींच्या पडद्यातल्या स्निग्ध पदार्थांची घडण बदलते, त्यामुळे पडदा गारठ्यातही लवचीक राहतो. पेशीत साखर आणि प्रोलीन साठतं, म्हणून पेशीरस सहजी गोठत नाही. ही तयारी व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. मध्येच ढगाळ, उबदार दिवस आले तर ती सैल पडते आणि त्यानंतर अचानक आलेली लाट सर्वात घातक ठरते. गव्हाला हे चांगलं जमतं. त्याला फुटव्यांसाठी थंडी हवीच असते. केळी, पपई, टोमॅटो, वांगी ही उष्ण मुलखातली पिकं. त्यांना दहा-बारा अंशांखाली, बर्फ न होताच इजा होते.

म्हणून पिकाची तयारी आपल्या हातून मोडू नये. लाट तोंडावर असताना युरियाचा हप्ता देऊ नका. त्याने लुसलुशीत फूट येते आणि तीच आधी करपते.

भाजीपाल्याला आणि केळीला लाटेच्या आदल्या दिवशी हलकं पाणी द्या. ओली जमीन दिवसा जास्त ऊब साठवते आणि रात्री ती हळूहळू सोडते. विहिरीचं पाणी हिवाळ्यात हवेपेक्षा कोमट असतं, ते पहाटे दिलं तरी उपयोगी पडतं. रोपवाटिका संध्याकाळी गोणपाटाने झाका आणि ऊन आलं की उघडा. बांधावर पाचट पेटवून केलेल्या धुराचा मला फारसा भरवसा वाटत नाही. धूर ऊब फार अडवत नाही आणि जमिनीत जायचं पाचट जळून जातं.

मोसंबीचं मात्र वेगळं आहे. आंबे बहारासाठी ताणावर सोडलेल्या बागेला थंडीच्या धास्तीने पाणी देऊ नका. मोठी झाडं आपल्याकडची थंडी सोसतात. तेरा अंशांखाली त्यांची वाढ थांबते आणि ही विश्रांती बहाराला पोषकच असते. अवेळी पाणी मिळालं तर ताण मोडतो आणि बहार विस्कटतो. नव्या लागवडीतल्या कलमांना तेवढा आडोसा करा.

हरभऱ्याची फुलं गळायला लागली की दुकानातून टॉनिकच्या बाटल्या येतात. दिवस-रात्रीचं सरासरी तापमान पंधरा अंशांखाली गेलं की घाटे धरत नाहीत. ऊब वाढली आणि जमिनीत ओल असली की नवी फुलं येतात. तो खर्च टाळा. अद्रकीचा पाला या दिवसांत पिवळा पडतो, तो बहुतेक वेळा पीक पक्व होत आल्यामुळे.

फळझाडांची फांदी करपलेली दिसली तरी लगेच कात्री लावू नका. छाटणीने कोवळी फूट येते आणि पुढची लाट तिलाच मारते. थंडी ओसरून नवे कोंब दिसले की फांदी कुठपर्यंत जिवंत आहे ते कळतं. तिथे छाटा आणि कापावर बोर्डो पेस्ट लावा.