सफरचंदाची मसाला कॉफी आणि लोहाची गोळी

वर्षावास आणि सफरचंदाचा हंगाम साधारण एकाच वेळी येतात. आषाढ पौर्णिमेला विहारात ग्रंथवाचन सुरू होते, त्या सुमारास हिमाचलचा माल बाजारात उतरू लागतो. आश्विन पौर्णिमेला समारोप होतो तेव्हा हातगाड्या काश्मीरच्या सफरचंदांनी भरलेल्या असतात. एरवी शीतगृहातले महागडे फळ, पण या दिवसांत संध्याकाळच्या बाजारात ढिगावरचे सफरचंद आपल्यालाही परवडते.

गेल्या वर्षावासात आमच्या विहारात एक गोष्ट घडली. मोठ्या बाजार-संकुलातल्या कॉफीच्या दुकानात काम करणारी वस्तीतलीच एक मुलगी सांगत होती की, तिथे सफरचंद आणि दालचिनीची कॉफी मिळते आणि एका पेल्याला दोनशे रुपयांहून जास्त पडतात. अमेरिकेत सफरचंदाच्या तोडणीच्या दिवसांत अशी पेये निघतात, तीच चाल इकडे आली. पेल्यात ताजे सफरचंद मात्र नसते. सफरचंदाच्या चवीचा साखरेचा पाक असतो आणि वर साय. बायका म्हणाल्या, मग आपण खरे सफरचंद घालून करू या. पहिल्या खेपेला मी दूध घातले आणि सगळे पातेले फाटले. तिथून शिकत शिकत जी कृती बसली, ती पुढे देत आहे.

पण आधी साखरेचा हिशेब. विहारात वाचनानंतर चहा होतो, कपाला दोन चमचे साखर सहज पडते. पौर्णिमेला खीरदान असते. घरी सकाळचा, कामावरचा आणि पाहुण्यांसोबतचा चहा वेगळा. एका चमच्यात साधारण 5 ग्रॅम साखर मावते. चार कप चहा म्हणजे 40 ग्रॅम झाली. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाने दिवसाकाठी वरून घातलेली साखर 25 ग्रॅमच्या आत ठेवावी असे सुचवते, आणि त्यात खीर, बिस्किटे, थंड पेये हे सगळे धरलेले आहे. बाबासाहेबांना मधुमेहाने किती छळले हे आपण चरित्रांतून वाचतो. पाय दुखत, शेवटच्या वर्षांत दृष्टी मंदावली होती. आज आपल्या वस्तीत दर दोन-चार घरांमागे कोणीतरी साखरेची गोळी घेते, आणि त्याच घरात चहाच्या डब्याशेजारी साखरेचा डबा त्याहून मोठा असतो.

म्हणून या कॉफीत वरून साखर घालायची नाही. गोडी सफरचंदाची.

चार कपांसाठी एक मध्यम सफरचंद घ्या. कोमट पाण्यात चोळून धुवा, कारण सालीवर चकाकीसाठी मेण लावलेले असते. साल काढू नका, बिया मात्र काढून टाका. त्या चावल्या किंवा वाटल्या गेल्या तर त्यातून विषारी द्रव्य सुटते. एखादी चुकून गिळली तर घाबरायचे कारण नाही, पण मिक्सरमध्ये फिरवू नयेत. सफरचंदाचे बारीक तुकडे करा किंवा किसून घ्या. पातेल्यात साडेचार कप पाणी, त्यात सफरचंद, बोटाच्या एका पेराएवढा दालचिनीचा तुकडा, दोन लवंगा, एक ठेचलेली वेलची आणि थोडे ठेचलेले आले. झाकण ठेवून मंद आचेवर दहा-बारा मिनिटे उकळू द्या. गॅस वाचवायचा असेल तर कुकरला एक शिट्टी पुरते. फळ मऊ झाले की पळीने दाबून चहाच्या गाळणीतून गाळा. गाळणीवर उरलेला गर टाकू नका. लवंगा, दालचिनी आणि वेलचीची साले वेचून काढली की तो मुलांना वाटीत देता येतो. फळातला चोथा त्यातच आहे.

आता पातेल्यात सुगंधी, फिकट गोड पाणी आहे. यातूनच मुलांचे कप आधी भरून घ्या. मुलांना कॉफी द्यायची नाही, त्यांचे पेय इथेच तयार झाले. मग गॅस बंद करून मोठ्यांच्या प्रत्येक कपामागे पाऊण ते एक सपाट चमचा कॉफी पावडर आणि सगळ्यांत मिळून चिमूटभर मीठ घाला. मिठाने कॉफीचा कडूपणा दबतो. वेलची-दालचिनीच्या वासाने जिभेला गोडी जास्त वाटते. पहिल्या दोन दिवशी कमी गोड लागेल. ज्यांना जमत नाही त्यांनी अर्धा चमचा साखर घालावी आणि दर आठवड्याला चिमूट चिमूट उतरवावी. गूळ घातला तर ती साखर नव्हे असे समजू नका, मधुमेहाला दोन्ही सारखेच.

मधुमेह असलेल्यांसाठी आणखी एक खुलासा. सफरचंदातही साखर असते, मध्यम फळात साधारण 15 ग्रॅम. ती चार कपांत वाटली गेली की कपाला चार ग्रॅमही येत नाही, म्हणून एक कप चालतो. दोन सफरचंदे घालून सगळे एकट्याने प्यायले तर हिशेब बिघडेल.

दुधाचे असे आहे. सफरचंद आंबट आहे, त्याचा अर्क उकळत असताना दूध ओतले की फाटणारच. दूध वेगळे गरम करा, कपात आधी दूध घ्या, वरून कॉफी हळूहळू ओता, आणि पुन्हा गॅसवर ठेवू नका. बिनदुधाची तर उत्तमच लागते.

कॉफी पावडरीबद्दल थोडेसे. पुडीवर चिकोरीचे प्रमाण छापलेले असते. चिकोरी म्हणजे भाजलेले मूळ, ती स्वस्त पडते आणि रंग दाट देते. त्यात अपाय नाही, पण पैसे कशाचे देतो ते वाचून द्यावे. कॉफी म्हटली की आपण कर्नाटकाकडे बोट दाखवतो, पण ती आपल्या विदर्भात चिखलदऱ्यालाही पिकते.

ढिगावरची सफरचंदे घेताना एक फरक ओळखा. मार लागून तपकिरी झालेला भाग कापून बाकीचे फळ वापरता येते. बुरशी लागलेले किंवा आतून सडलेले फळ मात्र भाव कितीही पाडून मिळो, घेऊ नका. त्या बुरशीचे विष उकळूनही पुरते जात नाही, आणि नजरेला चांगल्या दिसणाऱ्या भागातही ते पसरलेले असू शकते.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे पान लिहायला घेतले. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले आहे. आशाताई गरोदर बाईला लाल गोळ्या देतात, शाळेत मुलींना आठवड्याला निळी गोळी मिळते. गोळी घरात येते, पण ती घेतली जाते कशाबरोबर? चहाबरोबर. चहा आणि कॉफी, दोन्हींतली तुरट द्रव्ये लोहाला पोटातच बांधून ठेवतात. मग ते रक्तात जात नाही. बाई सहा महिने गोळ्या घेते, रक्त वाढत नाही, आणि दोष गोळीला लागतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहार मार्गदर्शिकेतही जेवणाच्या आधी व नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळायला सांगितले आहे. जेवणानंतर मी तर दोन तास म्हणेन. गोळी पाण्याबरोबर घ्या, सोबत लिंबू किंवा पेरूची फोड असेल तर लोह जास्त शोषले जाते. आपली ही कॉफी चार-साडेचार वाजताची. तेव्हा दुपारचे जेवण उतरलेले असते आणि रात्रीचे लांब असते.

इथे एक गैरसमज पुसून टाकू. सफरचंद कापून ठेवले की तांबूस होते, म्हणून त्यात लोह भरपूर, असे कितीतरी घरांत ऐकले. तो रंग लोहाचा नाही. कापलेल्या फळातल्या द्रव्यांचा हवेशी संबंध आला की तसे होते, वांग्याचेही होतेच. सफरचंदात लोह अगदी नगण्य असते. दवाखान्यात बाळंतिणीला भेटायला जाताना आपण कर्ज काढूनही सफरचंदेच नेतो. त्याच पैशांत पालेभाजी, अंडी, हरभरे, शेंगदाणे आणि पेरू आले असते तर तिच्या रक्ताला जास्त उपयोग झाला असता.

तसेच दालचिनीचे. रोज चमचाभर दालचिनीची पूड घेतली की साखर बरी होते, असा संदेश मोबाइलवर फिरतो. कालाम सुत्तात भगवंतांनी सांगितलेच आहे की ऐकीव म्हणून काही मानू नका. बाजारात मिळणारी जाड सालीची दालचिनी बहुधा कॅसिया जातीची असते, आणि तिच्यातले एक द्रव्य जास्त प्रमाणात रोज पोटात गेले तर यकृताला त्रास देते. पेरभर तुकडा उकळून चार कपांत वाटला तर काळजी नाही. औषधाची गोळी बंद करून दालचिनीवर राहणे मात्र जिवावर बेतू शकते.

कोणी किती प्यावी? त्याच मार्गदर्शिकेनुसार झटपट कॉफीच्या 150 मिलिलिटरच्या कपात 50 ते 65 मिलिग्रॅम कॅफिन असते, चहाच्या कपात 30 ते 65. मोठ्या माणसासाठी दिवसाची मर्यादा 300 सांगितली आहे. गरोदर बाईने दिवसाला 200 च्या वर जाऊ नये असे अनेक तज्ज्ञ सांगतात, म्हणून तिने एक कप घेतला तर त्या दिवशी चहा कमी करावा, किंवा मुलांच्या पातेल्यातलाच कप घ्यावा. रक्तदाब मोजायच्या अर्धा तास आधी कॉफी नको, आकडा फसवा येतो. कॉफीचा अंमल पाच-सहा तासांनीही निम्मा उरतो. पहाटे चार वाजता नळाला पाणी येते म्हणून उठणाऱ्या बाईने रात्री आठला कॉफी घेतली तर तिची उरलीसुरली झोपही जाईल. विदर्भातल्या आपल्या अनेक घरांत सिकलसेल आहे. त्या रुग्णांनी साधे पाणी भरपूर प्यायला हवे, कॉफी पाण्याच्या जागी धरू नये, आणि लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

विहारात करायची असेल तर कॉफीचे आणि बिनकॉफीचे पातेले वेगळे ठेवा. भन्तेजींना देण्याआधी विचारा. विनयपिटकाच्या महावग्गात आंबा, जांभूळ, केळी, द्राक्षे, फालसा अशा फळांच्या पानांना दुपारनंतरही अनुमती आहे, पण शिजवलेल्या फळाचे पान किंवा दूध अनेक भिक्खू त्या वेळी घेत नाहीत. जुने लोक सांगतात, हॉटेलबाहेर आपल्यासाठी कानतुटका कप वेगळा टांगलेला असे. आज त्याच म्हाताऱ्यांना विहारात पहिला कप द्यायचा असतो, तर तो साखरेने भरलेला का असावा?

उरलेला सफरचंदाचा अर्क कॉफी न घालता ठेवा. फ्रीज असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो. फ्रीज नसेल तर त्याच संध्याकाळी संपवा. पावसाळी हवेत तो रात्रीतून आंबतो आणि फेस धरतो, मग तो ओतूनच द्यावा लागतो.