रुग्णाची भाषा आणि अभ्यासक्रमाची भाषा : वाचा-भाषाविकारांच्या उच्च शिक्षणातील एक प्रश्न

रोमान याकॉब्सन यांचा १९५६ सालचा निबंध साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे तो रूपक आणि अजहल्लक्षणा-लक्षणलक्षणा यांच्या जवळपास वावरणाऱ्या दोन तत्त्वांच्या मांडणीसाठी. काव्याचा कल निवडीकडे, वास्तववादी गद्याचा कल सान्निध्याकडे, हे सूत्र आपल्याकडील समीक्षेतही पुष्कळ फिरले. परंतु त्या निबंधाचा मूळ विषय वाचाघात हा होता, ही गोष्ट बहुधा विस्मरणात जाते. मेंदूला इजा झाल्यावर कुणाची शब्द निवडण्याची शक्ती क्षीण होते, तर कुणाची शब्द जोडण्याची. या दोन प्रकारच्या हानींवरून याकॉब्सन यांनी भाषेच्या दोन अक्षांचे विवेचन केले. साहित्यविचाराने तेथून सिद्धान्त उचलला आणि रुग्णाला रुग्णालयात ठेवून दिले. त्या रुग्णाजवळ आज कोण बसते, आणि तेथे बसण्यासाठी त्याला कोणते शिक्षण मिळते, हा प्रश्न भारतीय भाषांच्या अभ्यासकांनी विचारावा असा आहे.

या विद्याशाखेला मराठीत अद्याप एक स्थिर नाव नाही. व्यवहारात ‘स्पीच थेरपी’ हाच शब्द चालतो. ‘वाचोपचार’ हा पर्याय सुबोध आहे, पण तो उपचाराचे नाव आहे, शास्त्राचे नव्हे. प्रस्तुत लेखात ‘वाचा-भाषाविकारशास्त्र’ हा शब्द वापरला आहे. बोबडेपणा, तोतरेपणा, आवाजाचे विकार, दुभंगलेल्या टाळूमुळे येणारे उच्चारदोष, मुलाच्या भाषाविकासातील विलंब, वाचाघात, इतकेच नव्हे तर अन्न गिळण्यातील अडचणीही या शास्त्राच्या कक्षेत येतात. उच्चारदोषांचा विचार आपल्याकडे नवा नाही. ऋक्प्रातिशाख्यात दोषांचे स्वतंत्र पटल आहे आणि पाणिनीय शिक्षेत घाईने वा डोके हलवीत पठण करणाऱ्यांची अधम पाठकांत गणना केली आहे. मात्र तेथे चिंता आहे ती मंत्राची, बोलणाऱ्याची नव्हे.

आधुनिक शिक्षणाची सुरुवात १९६०च्या दशकात झाली. मुंबईत नायर रुग्णालयाशी संलग्न असलेल्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात, आणि म्हैसूर येथे १९६५ साली स्थापन झालेल्या ‘ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग’ या संस्थेत हे अभ्यासक्रम रुजले. १९८३ साली मुंबईतच अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आली. १९९२च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेला वैधानिक अधिष्ठान मिळाल्यावर अभ्यासक्रमांना एकरूपता आली. बारावीनंतर श्रवण आणि वाचा-भाषा या दोन्ही विषयांची संयुक्त पदवी, तिच्यात एक वर्षाची आंतरवासिता धरून चार वर्षे. त्यापुढे दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी, जिच्यात दोन शाखा आता अलग झाल्या आहेत. आणि व्यवसायासाठी परिषदेकडे नोंदणी. शरीररचना, ध्वनिभौतिकी, मज्जाविज्ञान, मानसशास्त्र, संख्याशास्त्र यांबरोबर भाषाविज्ञानही शिकवले जाते. या सर्वांचे माध्यम इंग्रजी आहे.

माध्यमाची तक्रार जुनीच आहे आणि येथे ती उगाळण्याचे प्रयोजन नाही. वैद्यकाचे शिक्षणही बहुतांशी इंग्रजीतूनच होते. परंतु यकृताला मातृभाषा नसते. वाचा-भाषाविकारशास्त्रात मात्र जी वस्तू तपासावयाची ती वस्तूच मराठी, कन्नड किंवा संताळी असते. विद्यार्थी सकाळी वर्गात इंग्रजी भाषेच्या विघटनाचे वर्णन शिकतो आणि दुपारी चिकित्सालयात मराठीच्या विघटनासमोर बसतो. या दोहोंमधला पूल त्याने स्वतःच बांधावा असे गृहीत धरलेले असते. म्हणजेच प्रत्येक वाचोपचारक हा अप्रशिक्षित भाषांतरकार असतो.

वाचाघाताच्या पाश्चात्त्य चाचण्यांपैकी गुडग्लास आणि कॅप्लन यांची बोस्टन चाचणी (१९७२) आणि कर्टेझ यांची चाचणी (१९८२) या सर्वत्र प्रसिद्ध आहेत. बोस्टन चाचणीतील एक चित्र रुग्णाला वर्णनासाठी दाखवतात. आई भांडी पुसते आहे, मोरीचे पाणी वाहून चालले आहे, आणि मागे मुलगा तिवईवर चढून फडताळातील बिस्किटे चोरतो आहे. चित्र बदलणे सोपे आहे. बिस्किटांच्या जागी लाडूंचा डबा आणता येतो. पण याच परंपरेतील चाचण्यांत रुग्णाला पुन्हा उच्चारण्यास सांगितले जाणारे एक इंग्रजी वाक्य आहे, जे जवळजवळ केवळ अव्ययांचे बनलेले आहे. त्याची परीक्षा अर्थाची नाही. नाम-क्रियापदाचा आधार नसलेले सुटे लहान शब्द रुग्णाला पेलतात का, हे तेथे पाहावयाचे असते. त्या वाक्याचे मराठी भाषांतर उत्तम झाले तरी चाचणी निकामी होते, कारण इंग्रजी जो भार सुट्या शब्दांवर टाकते त्यातील मोठा भाग मराठी प्रत्ययांवर आणि सामान्यरूपांवर टाकते. येथे भाषांतर नव्हे, पुनर्निर्मिती हवी. आणि ती करण्यासाठी मराठी व्याकरणाची जी जाण लागते ती शालेय मराठीच्या शिदोरीवर येत नाही.

‘घोड्याला पाणी पाज’ हे साधे वाक्य घ्यावे. एखादा रुग्ण ‘घोडा… पाणी…’ म्हणून थांबला आणि दुसरा ‘घोड्या पाणी’ म्हणाला, तर इंग्रजी तक्त्यात दोघांच्या नावापुढे एकच खूण होईल : प्रत्यय गळला. मराठीच्या दृष्टीने मात्र हे दोन भिन्न प्रसंग आहेत. दुसऱ्याचा प्रत्यय गेला, पण प्रत्ययासाठी नामाने घेतलेले रूप शिल्लक आहे; वाक्यातील संबंधाची जाणीव अद्याप कुठेतरी जागी आहे. (प्रत्ययाविना उभे असलेले सामान्यरूप जुन्या मराठी काव्याच्या वाचकाला अनोळखी नाही, हे जाता जाता नोंदवावे.) तीच गोष्ट भूतकाळाची. ‘मुलीने आंबा खाल्ली’ असे म्हणणाऱ्या बालकाचा काळ चुकलेला नाही. क्रियापदाने कर्माशी जुळावे की कर्त्याशी, हा निर्णय चुकला आहे. काळाचा रकाना असलेल्या आणि कर्मणी प्रयोगाचा रकाना नसलेल्या कागदावर ही चूक लिहावी कोठे?

यावर असे सुचवले जाते की इंग्रजीऐवजी एखाद्या भारतीय भाषेतील चाचणीवरून मराठी चाचणी बेतावी. म्हैसूरच्या परिसरात कन्नडसाठी असे काम लवकर झाले. प्रतिभा कारंत यांचे नाव त्या संदर्भात आदराने घेतले जाते. तेथील पदव्युत्तर प्रबंधिकांतून इतर भाषांच्या चाचण्याही तयार होत आल्या आहेत. मार्ग योग्य आहे, पण शेजारही फसवा असू शकतो. कन्नडमध्ये ळ आहे, मूर्धन्य वर्ण आहेत, विभक्ती आहेत. परंतु नामाचे लिंग तेथे बहुतांशी अर्थावरून ठरते. मराठीत हात पुल्लिंगी, मान स्त्रीलिंगी आणि नाक नपुंसकलिंगी. कन्नड चाचणीला या व्याकरणिक लिंगाची गरज नाही, म्हणून तिच्या सावलीत वाढलेल्या मराठी चाचणीत तो प्रश्न सहज निसटेल.

ध्वनींच्या पातळीवर प्रश्न अधिक नाजूक होतो. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील च लिपीत एक, उच्चारात दोन. ‘चमचा’ या शब्दातील अखेरचा च दंततालव्य. अनेकवचनात ‘चमचे’ म्हणताच तो तालव्य होतो. हिंदी वातावरणात वाढलेल्या विद्यार्थ्याच्या कानाला हा भेद प्रारंभी ऐकूही येत नाही, आणि देवनागरी लिपी त्याला सावध करीत नाही. अशोक केळकर यांनी १९५८ साली कॉर्नेल विद्यापीठात मराठीच्या ध्वनिव्यवस्थेवर आणि पदव्यवस्थेवर प्रबंध सादर केला; म्हणजे या विषयाचा पाया घातला जाऊन बराच काळ लोटला आहे. तो वाचोपचाराच्या वर्गापर्यंत पोहोचला पाहिजे.

सर्वांत अधिक जोखीम आहे ती बोलींच्या बाबतीत. सहा वर्षांचे मूल ‘डोळा’ या शब्दाच्या जागी ‘डोया’ म्हणते. प्रमाण मराठीच्या उच्चारचाचणीत ही ळ-ची चूक ठरेल. मूल अकोल्याकडील वऱ्हाडी घरातले असेल तर ही चूक नव्हे, ती त्याच्या आईची भाषा होय. आता तेच मूल ‘डोला’ म्हणाले तर? आगरी-कोळी घरात तो घरचा उच्चार ठरेल. वऱ्हाडी घरात मात्र तो खरोखरच विलंबाचे चिन्ह असू शकेल. एकच ध्वनी एका उंबरठ्याच्या आत भाषा आणि दुसऱ्याच्या आत दोष. ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलांविषयी तर बोलावयासच नको. शाळेने त्यांना आधीच अशुद्ध ठरवलेले असते, आणि चिकित्सालयाचा कागद हाती आला की त्या शिक्क्याला शास्त्राचे वजन प्राप्त होते. उलट बाजूही तितकीच खरी. ‘त्यांच्याकडे असेच बोलतात’ म्हणून परत पाठवलेल्या मुलाचा श्रवणदोष अनोळखी राहिला, तर गेलेली वर्षे परत मिळत नाहीत. बोलीचे ज्ञान हे उदारतेसाठी नव्हे, निदानासाठी हवे. आईला तेच चित्र दाखवून तोच शब्द उच्चारण्यास सांगणे, एवढी साधी कृतीही पुष्कळदा निर्णय फिरवते.

इंदूर, बडोदे, बेळगाव किंवा तंजावर येथील मराठी घरांत गुंतागुंत आणखी वाढते, कारण तेथे प्रमाण, बोली आणि शेजारची भाषा असे तीन पदर एकाच वाक्यात असतात. मिशेल पॅराडिस यांनी बहुभाषिक रुग्णाची प्रत्येक भाषा स्वतंत्रपणे तपासली पाहिजे असा आग्रह धरला, आणि १९८७ साली त्यासाठी चाचणीही सिद्ध केली. भारतीय चिकित्सालयात तिचे तत्त्व सर्वमान्य आहे. अडचण येते ती तपासणाऱ्याला त्या सर्व भाषा येत नसल्याची.

मेन आणि ओब्लर यांनी १९९० साली संपादित केलेल्या व्याकरणलोपाच्या ग्रंथात चौदा भाषांतील रुग्णांची कथने आहेत. त्यांत भारतीय भाषा एकच, हिंदी. मराठीतील अशा कथनांचा संग्रह सिद्ध करणे हे एकट्या वैद्यकीय महाविद्यालयाचे काम नव्हे. कथनाचे लिप्यंतर कसे करावे, विराम कोठे नोंदवावा, खंडित वाक्य आणि बोलीतील संक्षिप्त वाक्य यांत भेद कसा करावा, हे भाषाविभागांचे प्रांगण आहे. पदव्युत्तर प्रबंधिकेला एक मार्गदर्शक भाषाविभागातून द्यावा, एवढ्याने आरंभ होऊ शकेल. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने केलेले मराठी बोलींचे सर्वेक्षण या कामी हाताशी आहे. मात्र वाचोपचारकाला लागणारी सामग्री त्याहून निराळी असते : वऱ्हाडी, अहिराणी किंवा आगरी घरातील निरोगी मूल तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या वर्षी कोणते ध्वनी आणि कोणती रूपे साधते, याची वयवार नोंद. तीन वर्षांच्या मुलाला चमचा दाखवावा, मग दोन चमचे दाखवावेत, आणि ते काय म्हणते ते कान देऊन लिहून घ्यावे, अशा कामातून ती तयार होते.