ग्रिलवरचा ओरखडा आणि कॉम्प्युटरचा हट्ट

“कॉम्प्युटर मिळेल ना हो?” इंजिनीअरिंगच्या सीईटीचा निकाल लागला की पनवेलच्या माझ्या प्रवेश-मार्गदर्शनाच्या ऑफिसात हा एकच प्रश्न. विचारतात आईबाबा. मुलगा शेजारी बसून मोबाइलच्या कव्हरचा कोपरा सोलत असतो.

मेडिकल, सीए, स्पर्धा परीक्षा हे रस्ते सगळ्यांना पाठ आहेत, ते सोडून देतो. माझं भांडण आहे ‘कॉम्प्युटर नाहीतर काहीच नको’ या हट्टाशी. कॉलेज कसलंही चालेल, मॅनेजमेंट कोट्यात लाखो ओतू, पण शाखा तीच! का, तर शेजाऱ्यांच्या मुलीने घेतली.

यंदा एकाला विचारलं, “केमिस्ट्री आवडते?” उत्तर वडिलांनी दिलं. “आवडते, पण स्कोप नाही.” मी त्यांना माझ्या खिडकीचं ग्रिल दाखवलं. दिवाळीत रंगवलेलं. एक ओरखडा पडला आणि पावसात तिथून तांबडा ओघळ भिंतीवर उतरला. आपल्या खाडीच्या हवेत हे घरोघरी आहे. पुलांना, जहाजांना, तळोज्यातल्या टाक्यांनाही हाच रोग.

हा ओरखडा रंगानेच बुजवला तर? अंबरनाथला डीआरडीओची एनएमआरएल ही नौदलासाठी काम करणारी प्रयोगशाळा आहे. तिथल्या संशोधकांनी 2008 साली यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. जवसाचं तेल, बॅटला चोळतात तेच, बारीक कुप्यांत भरून इपॉक्सी रंगात मिसळायचं. चरा पडला की कुप्या फुटतात, तेल भेगेत उतरतं, हवेतल्या ऑक्सिजनने सुकून त्याचा पापुद्रा धरतो. पाणी लोखंडापर्यंत पोचत नाही. मुलाने कव्हर सोलणं थांबवलं. “कुप्या रंग ढवळतानाच फुटल्या तर?” त्या तासाभरात तो पहिल्यांदा बोलला. संशोधकांनाही हेच तपासावं लागलं होतं.

भुलवत नाही. असे रंग अजून कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाहीत. हे शिकून पहिली नोकरी बहुधा रंगाच्या कारखान्यात शिफ्टची, नाहीतर उन्हात पुलाखाली उभं राहून थराची जाडी मायक्रॉनमध्ये मोजण्याची. एसी केबिनच हवी असेल तर इकडे फिरकू नका. पण माटुंग्याच्या आयसीटीत, म्हणजे जुन्या यूडीसीटीत, सरफेस कोटिंगचं बी.टेक. आहे. नागपूरच्या एलआयटीतही ही शाखा आहे. मुलाला न विचारता कोट्याचा चेक फाडणाऱ्या किती पालकांनी ही नावं ऐकलीत?

पर्यायांचा फॉर्म भरण्याआधी एक करा. लॉगिनचा पासवर्ड मुलाच्या हातात द्या आणि तासभर खोलीबाहेर थांबा.