ओल्या बाळंतिणीच्या गोळ्या



पिशोरच्या दवाखान्यातून आणलेल्या लोहाच्या तांबड्या गोळ्या पुष्कळ घरांत बाळंतपण होताच कोनाड्यात पडतात. म्हणे, दूध उष्ण होते! तसे काही नाही. लोह, कॅल्शियम गोळीने दुधात फारसे वाढत नाही, अन् गोळी सोडली तरी फारसे घटत नाही. बिनखताचा खोडवा जमिनीतून ओढतो तसे ते आईच्या अंगातून ओढले जाते. म्हणून दोन्ही गोळ्या १८० दिवस, पण वेगवेगळ्या वेळी घ्याव्यात.

ब-१२ जीवनसत्त्वाचे मात्र निराळे. आईत कमी, तर दुधातही कमी. ते मांस, अंडी, दूधदुभते यांतूनच मिळते. तेव्हा माळकरी घरच्या बाळंतिणीने डॉक्टरांना जरूर विचारावे. पान्हा भरपूर असूनही बाळ मलूल पडू शकते.