शाळेतील कविता आणि देवळातील अभंग



या महिन्याच्या पाठाचा विषय वरवर पाहता शाळेचा वाटेल, पण विचार केला म्हणजे तो आपल्याच घरचा आहे हे ध्यानात येईल. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, शाळाशाळांतून मराठी भाषा गौरव दिन होतो. २१ मार्च हा जागतिक काव्यदिन म्हणून युनेस्कोने १९९९ साली ठरविला. त्या दिवशी फळ्यावर रंगीत खडूने अक्षरे निघतात, तसबिरीला हार पडतो, चार मुले कविता म्हणतात, पाहुणे बोलतात. हे सगळे चांगलेच आहे. पण दुसऱ्या दिवशी मुलांच्या मुखात त्या कवितेतले काय उरते? आपल्याकडे ग्रंथाची पूजा करून कोणी थांबत नाही, पूजेनंतर पारायण असते. मग कवितेची नुसती पूजा करून कसे चालेल?

१. आपल्या काठचा ठेवा

भंडारा जिल्ह्याच्या लोकांना तर हा प्रश्न अधिकच लागू आहे. नागपूर-भंडारा जिल्ह्यांच्या सीमेवर, वैनगंगेच्या संगमावर अंभोरा हे क्षेत्र आहे. टेकडीवर चैतन्येश्वराचे देऊळ आहे. मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' येथेच रचला अशी आपल्या भागाची श्रद्धा आहे. काही अभ्यासक हे स्थळ मराठवाड्यातील अंबेजोगाई असल्याचे मानतात. त्या वादात आपण शिरू नये. ग्रंथाचा काळ परंपरेने शके १११०, म्हणजे इ. स. ११८८ धरतात. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. म्हणजे माउलींच्या आधी शंभर वर्षे वेदान्तासारखा कठीण विषय मराठी ओवीत सांगण्याचे धैर्य कोणी तरी केले. मुकुंदराज नाथपंथी, आणि निवृत्तिनाथांकडून माउलींना मिळालेला उपदेशही नाथपंथाचाच. ही नदी आपण रोज पाहतो, पण तिच्या काठच्या या ग्रंथाचे नाव आपल्या मुलांना माहीत असते काय? ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याचा आनंद आपण केला. पण अशा जुन्या ग्रंथांची ओळख मुलांना नसेल, तर तो आनंद पेढ्यांपुरताच राहील.

२. संप्रदायाची रीत

आता संप्रदायाने कविता कशी जपली ते पाहा. पहिली गोष्ट, छंद सोपा घेतला. ओवीचे तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड; म्हणणाऱ्याला विसावा मिळतो. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरे येतात. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचे यमक जुळते. लहान मुलालाही बोटावर मोजता येईल असा हा हिशोब आहे. दुसरी गोष्ट, म्हणणे एकट्यावर सोडले नाही. हरिपाठाला दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात, एक रांग म्हणते आणि दुसरी उचलते. ज्याला येत नाही तोही टाळ धरून ओठ हलवतो, आणि चार महिन्यांत त्याला सगळे येते. परीक्षा नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. तिसरी गोष्ट, नुसते पाठ करून थांबले नाहीत. कीर्तनात एकच अभंग घेऊन तासन् तास त्याचा अर्थ उलगडतात.

तुकोबांच्या वह्या इंद्रायणीतून तरल्या, हा आपला भाव आहेच. पण त्या लोकांच्या मुखीही तरल्याच होत्या. ज्या कवितेला हजार कंठ आहेत, तिला कोणते पाणी बुडविणार?

३. जिभेची लाज

येथे एक नाजूक गोष्ट बोलली पाहिजे. आपल्या झाडीपट्टीतील मूल घरी 'पाणी'ला 'पानी' म्हणते, 'डोळा'ला 'डोरा' म्हणते. झाडीबोलीची ती रीतच आहे. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा शब्दकोश सिद्ध केला. म्हणजे ही काही बिघडलेली भाषा नव्हे. पण तेच मूल वर्गात कविता म्हणायला उठते आणि एका 'न'वरून सगळा वर्ग हसतो. मूल खाली बसते. पुन्हा ते उठत नाही. शाळेत नाही आणि देवळातही नाही. एका हसण्याने एक कंठ गेला, आणि त्या कंठातून पुढच्या पिढीला जे मिळायचे तेही गेले.

संतांनी असे कोणाला हसले काय? जनाबाई जात्यावर बसून बोलल्या, सावतोबा मळ्यातले शब्द घेऊन बोलले, सेना महाराज आपल्या धंद्यातले. चोखोबांना देवळाबाहेर ठेवले, तरी त्यांचा अभंग आज देवळात म्हटला जातो. संतांनी आधी जीभ मोकळी केली. प्रमाण भाषा मुलाला शिकवावीच, ती त्याच्या उपयोगाची आहे. पण त्याची बोली हिसकावून नव्हे.

४. आपण काय करावे

गुरुजनांना आणि भजनी मंडळांना आमची विनंती थोडी आहे. महिन्याला एक कविता आणि एक अभंग, दोन्ही जोडीने घ्यावे. वर्गाच्या दोन रांगा करून हरिपाठासारखे म्हणवून घ्यावे. मग अर्थ विचारावा, आणि तो मुलाने आपल्या बोलीत सांगितला तरी चालवून घ्यावा. पऱ्हे रोवताना बांधीत आयाबाया जी गाणी म्हणतात, ती मुलांनी आपल्या आईकडून, आजीकडून ऐकून वहीत उतरावीत. त्या वहीलाही गौरव दिनी मान द्यावा. तुकाराम बीज आणि ज्ञानेश्वरी जयंती या दिवशी मंडळांनी शाळेतल्या मुलांना देवळात बोलवावे, टाळ त्यांच्या हाती द्यावेत. ज्या मुलाला बोलायची भीती वाटते, त्याला आधी बोलवावे. आणि कोणी हसले तर मोठ्यांनी तेथेच प्रेमाने आवरावे.

याला वर्गणी लागत नाही, मंडप लागत नाही. मृदंग नसला तर टाळी आहे. गावोगावच्या भजनी मंडळांत आता पिकल्या केसांची माणसेच अधिक दिसतात. त्यांच्या कंठातले धन मुलांच्या कंठात जायला फार वेळ हातात नाही. म्हणून पुढच्या गौरव दिनाची वाट न पाहता, येत्या एकादशीपासूनच आरंभ करावा, हीच श्रोत्यांच्या चरणी विनंती.

रामकृष्णहरी.