मस्टर त्याच दिवशी लिही

अरे, दुकानाची वास्तुशांत झाली, दोन मजले कापडाने भरले, आणि 24 माणसं कामावर घेतलीस. गिऱ्हाइकाशी कसं वागायचं ते तुला तुझ्या बापाने शिकवलंय. पगारपत्रक मात्र या आत्याने चाळीस वर्षं लिहिलंय, म्हणून तेवढं माझ्याकडून ऐक.

पहिली गोष्ट मस्टरची. माणूस किती वाजता आला, किती वाजता गेला, हे त्याच दिवशी, खरं तेच लिहायचं. मी ज्या कापड दुकानात होते तिथे दिवाळीचे पंधरा दिवस रात्री साडेदहापर्यंत गर्दी हटायची नाही. मालक सांगायचे, सगळ्यांची जाण्याची वेळ साडेआठ लिहा. मी लिहायचे. भाऊबीज झाली की प्रत्येकीला एक साडी आणि पेढ्यांचा पुडा मिळायचा. एका वर्षी साड्यांच्या काउंटरवरची एक मुलगी माझ्याजवळ आली. तिने खिशातल्या डायरीत रोजची सुटण्याची वेळ टिपून ठेवली होती. भांडली नाही. नुसतं विचारलं, "बाई, हे तास कुठे गेले?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

ते तास कुठे जातात, त्याचा हिशेब करून बघ. समज पगार 15,600 रुपये आहे. 26 ने भागलं की रोज 600, आठ तासांनी भागलं की तासाला 75. जादा कामाचा दर दुप्पट, म्हणजे 150. रोज दोन तास जादा, पंधरा दिवस, म्हणजे 30 तास. झाले 4,500 रुपये. साडी चांगलीच होती, पण ती भेट होती. हे पैसे तिच्या हक्काचे होते. भेट द्यायची असेल तर हे पैसे चुकते करून वर दे. दिवाळी आली की आधी याची तरतूद बाजूला काढ, मगच मालाची ऑर्डर दे.

आपल्याकडे दुकानांसाठी 2017 चा महाराष्ट्राचा कायदा आहे. त्याआधी 1948 चा होता. 2025 मध्ये राज्याने 2017 च्या कायद्यात फेरफार केले, दिवसाची 9 तासांची मर्यादा 10 वर नेली. हे ऐकून तुझे भाईबंद म्हणतील, आता दहा तास ठेवायला मोकळे. तसं नाही. आठवड्याचे 48 तास तिथेच आहेत. रोज दहा तास ठेवलेस तर पाचव्या दिवशीच आठवडा भरला, पुढचं सगळं दुप्पट दराचं.

जेवणाच्या सुट्टीत माणूस खरोखर जेवला पाहिजे. डबा उघडून बसलेल्या पोराला "जरा ते ठाण दाखव" म्हणालास, तर ती सुट्टी मोडली. पाळ्या लाव, काउंटरवर दुसरं माणूस उभं कर, आणि निदान अर्धा तास त्याला कोणी हाक मारायची नाही, अगदी तूसुद्धा.

आठवड्याची सुट्टी तर फुकट मिळालेली नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी ती झगडून मिळवली, तेव्हा 10 जून 1890 पासून रविवार सुटीचा झाला. लग्नसराईत कुणाची सुट्टी बुडाली तर दोन महिन्यांच्या आत बदली सुट्टी दे, आणि तिची तारीख त्याच दिवशी मस्टरात टाक. "नंतर बघू" म्हटलेली सुट्टी मी कुणाला मिळालेली पाहिली नाही.

पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. त्यांचं घरभाडं, पोरांची फी याच आठवड्यात असते. तुझी उधारी वसूल झाली की नाही, याच्याशी त्यांचा संबंध नाही. किमान वेतनातला विशेष भत्ता जानेवारीत आणि जुलैत बदलतो, तेव्हा नवे आकडे स्वतः बघ, सल्लागाराच्या फोनची वाट बघू नको. खाडा झाला तर तेवढ्याच दिवसाचे पैसे काप. पाच मिनिटं उशीर म्हणून अर्धा दिवस कापणं मी पाहिलंय, ते करू नको. कुणाला काढावं लागलंच तर त्याचा हिशेब दुसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत चुकता कर. त्याला हेलपाटे घालायला लावू नको.

रजांचं सांगते. किरकोळ रजा वर्षाला आठ, दर तिमाहीला दोन जमा होतात, आणि उरलेल्या वर्षअखेरीस जातात. म्हणून ऑक्टोबरमध्येच प्रत्येकाला सांग की तुझ्या इतक्या शिल्लक आहेत. ज्याने वर्षात 240 दिवस भरले त्याला दर 20 दिवसांमागे एक भरपगारी रजा, आणि ती 45 दिवसांपर्यंत साठते. कुणी बाळंतपणाचं सांगायला आली, तर तिच्या तोंडावर दिवाळीची अडचण सांगू नको. आधीची हयात मुलं दोनपेक्षा कमी असतील तर 26 आठवडे पगारी रजा मिळते. ती यादीत असलेली रजा समजून बदली माणूस आधीच शोध.

आणि सणाच्या सुट्ट्या. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या चार ठरलेल्या. आणखी चार, वर्ष सुरू व्हायच्या आधी, कामगारांशी बोलून ठरवायच्या. त्या दिवशी बोलावलंस तर पगार दुप्पट. मालकाने चार नावं लिहून भिंतीला चिकटवायची, अशी पद्धत मी वर्षानुवर्षं पाहिली. तू तसं करू नको. तुझ्याकडे शिलाईकाम करणारे दोघे ईद पाळतात, एकीला नाताळ हवा असेल, गावाकडच्यांना गौरीचा दिवस लागतो. सगळ्यांना खाली गादीवर बसव, चहा सांग, नावं त्यांच्याच तोंडून येऊ दे, आणि कागदावर सगळ्यांच्या सह्या घे. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी मी नाशिकला येतेच आहे. कोरा कागद तेवढा काढून ठेव.